गॅसचा उतारा

औंध संस्थानाचा नकाशा ठिगळांचा होता. यमाईच्या डोंगराखालचं राजधानीचं गाव आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात येतं, आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात, आणि गुणदाळ तर पार विजापूरकडे. मधल्या मुलखात दुसऱ्यांचा अंमल. बहात्तर गावांचं हे राज्य आपल्याच हद्दीतून चालत पार करणं राजालाही शक्य नव्हतं. (पुण्याचं औंध निराळं. नाव काढलं की निम्मे लोक तिकडेच बघतात, म्हणून सांगितलेलं बरं.) तरी भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत या साऱ्या ठिगळांचा कारभार एकाच दरबारातून चाले, आणि जानेवारी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने स्वराज्याची जी घटना अमलात आली तीही सगळ्यांना एकच होती.

१९४८ साली संस्थान विलीन झालं आणि ठिगळं उसवली. जुन्या साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले. दक्षिणेकडच्याला १९६० साली सांगली हे नाव मिळालं. मग २०१८ मध्ये एक गंमत झाली. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाने नळाच्या गॅससाठी देशाची वाटणी करताना, नवव्या फेरीत, सातारा आणि सांगली मिळून एकच क्षेत्र ठरवलं. भारत पेट्रोलियमच्या घरातल्या भारत गॅस रिसोर्सेस या कंपनीला ते मिळालं. औंध, आटपाडी आणि कुंडल सत्तर वर्षांनी पुन्हा एका खात्यावर आले, तेही गॅसच्या. गुणदाळ कर्नाटकातच राहिलं.

संस्थानाची ही कथा इथे काढायचं कारण खातं हेच आहे. या पुस्तकाचा विषय नैसर्गिक वायूच्या रूपांतरणातून देशोदेशी काय आणि किती हाती येतं, आणि ते वर्षानुवर्षं कसं वाढत-घटत गेलं, याची तुलना हा आहे. अशा तुलनेत पहिलं भांडण लागतं ते खात्यावरून: कुठला गॅस कुणाच्या नावे लिहायचा, कुठल्या रकान्यात लिहायचा आणि कुठला मुळीच लिहायचा नाही. साताऱ्यातल्या एखाद्या बेकरीच्या भट्टीत किंवा सांगलीतल्या रिक्षाच्या टाकीत जो गॅस जळतो, तो पुढच्या पानांवरच्या एकाही आलेखात सापडणार नाही. तो शोधत बसणाऱ्या वाचकाला आधीच सावध केलेलं बरं.

मुंबई हायचा शोध १९७४ सालचा. तिथला गॅस समुद्रतळावरच्या नळातून उरणला किनाऱ्याला लागतो. तिथून पुढे त्याच्या वाटा फुटतात. एक वाट उरणच्याच वीजकेंद्रात जाते. तिथे गॅस संपतो आणि वीज तयार होते. एक ऊर्जा जाऊन दुसरी आली, म्हणून ऊर्जेच्या ताळेबंदात हे ‘रूपांतरण’. दुसरी वाट अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात जाते. तिथे गॅसमधला हायड्रोजन काढून हवेतल्या नायट्रोजनशी बांधतात, अमोनिया करतात आणि त्याचा युरिया होतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सगळ्यात मोठं रूपांतर, पण युरिया ही ऊर्जा नव्हे. त्यामुळे कच्चा माल म्हणून गेलेला हा गॅस ‘ऊर्जेतर वापर’ या वेगळ्या रकान्यात पडतो. तिसरी वाट मुंबईतल्या स्वयंपाकघरांकडे जाते. शेगडीवर चहा उकळला की विषय संपला; तो ‘अंतिम वापर’. एकाच समुद्रातला, एकाच नळाने आलेला गॅस, आणि तीन रकाने. इथे फक्त पहिल्याची गोष्ट आहे. म्हणजे गॅस यंत्रात गेला आणि दुसऱ्या बाजूने वीज, विकायची वाफ किंवा गरम पाणी, किंवा एखादं द्रव इंधन होऊन बाहेर पडला, तेवढाच भाग.

या बाहेर पडणाऱ्या मालाचं आत घातलेल्या मालाशी जे प्रमाण, त्याला पाठ्यपुस्तकं ‘कार्यक्षमता’ म्हणतात. कृष्णाकाठच्या माणसाला एवढा जड शब्द लागत नाही. त्याच्याकडे ‘उतारा’ आहे.

कऱ्हाडच्या आसपास कुठल्याही गुऱ्हाळावर हिवाळ्यात तासभर बसलं तर उताऱ्याचं सगळं शास्त्र डोळ्यांसमोर घडतं. घाण्यातून रस काहिलीत येतो. रस काढलेलं चिपाड वाळवून तेच चुलवाणात सारतात. सारणारा गडी ओलं चिपाड टाकू लागला की गुळव्या ओरडतो, कारण निम्मा जाळ पाणी आटवण्यातच जातो आणि धूर तेवढा होतो. पाक वर येतो, मळी काढली जाते, काहील उतरवायची वेळ गुळव्या डोळ्याने ठरवतो. थोडं आधी उतरवली तर गूळ बसत नाही, थोडं उशिरा उतरवली तर काळा पडतो. शेवटी इतक्या उसाला इतका गूळ, हा हिशेब. साखर कारखान्यात तोच हिशेब टक्क्यांत मांडतात: बारा टक्के उतारा म्हणजे टनाला १२० किलो साखर. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर १०.२५ टक्के मूळ उताऱ्यावर बांधलेला असतो, त्यामुळे दशांशानंतरच्या आकड्यावरून सभा गाजतात. काटा कुणाचा आणि उतारा कुणी मोजला, या दोन प्रश्नांवर या भागातलं निम्मं राजकारण उभं आहे.

गॅसच्या बाबतीतही प्रश्न हेच दोन आहेत.

उरणचंच बघावं. १९८२ पासून तिथे गॅस टर्बाइनं फिरू लागली. टर्बाइनमध्ये गॅस जळतो, तापलेला वायू पाती फिरवतो आणि मग पाचशे अंशांच्या वरचा धगधगता झोत धुराड्यातून आकाशात जातो. अशा उघड्या चक्रात गॅसमधल्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो. नव्वदच्या दशकात या वाया जाणाऱ्या झोतावर बॉयलर बसवले, त्यांच्या वाफेवर प्रत्येकी १२० मेगावॅटचे दोन संच चालू लागले, आणि गॅसचा एक घनमीटरही न वाढवता २४० मेगावॅटची भर पडली. चार गॅस टर्बाइनं प्रत्येकी १०८ मेगावॅटची आणि हे दोन वाफेचे संच मिळून ६७२ मेगावॅट, अशी या केंद्राची स्थापित क्षमता. ढोबळ हिशेबात एका घनमीटर गॅसपासून उघड्या चक्रात साडेतीन युनिट वीज मिळते आणि असे वाफेचे संच जोडलेल्या चांगल्या संयुक्त चक्रात साडेपाच. चिपाड तेच, चुलवाण बदललं. जगभरच्या आलेखांत गॅस वापराची रेघ सपाट असताना विजेची रेघ वर चढताना दिसली, तर बहुतेक वेळा त्यामागे हीच गोष्ट असते.

आता काटा. गॅस जळला की पाण्याची वाफ तयार होते आणि धुराड्यातून जाताना बरीच उष्णता घेऊन जाते. ती उष्णता हिशेबात धरली तर ‘स्थूल’ उष्मांक, सोडून दिली तर ‘निव्वळ’. नैसर्गिक वायूच्या बाबतीत दोहोंत सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो. त्यामुळे निव्वळ उष्मांकावर ५५ टक्के उतारा सांगणारं केंद्र स्थूल उष्मांकावर ५० टक्क्यांवर येतं, आणि यंत्राचा एक नटही हललेला नसतो. यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांना निव्वळ आवडतो. अमेरिकेतली सरकारी आकडेवारी स्थूलावर चालते. दोन देशांचे उतारे शेजारी मांडून एकाला शहाणा आणि दुसऱ्याला गबाळा ठरवणारे लेख मराठीतही अधूनमधून येतात. त्यांतल्या लेखकांनी काटा पाहिला होता का, हे विचारावंसं वाटतं.

वर्षाचाही घोळ आहे. भारताचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, बांगलादेशचं जुलैला, अमेरिकेचं जानेवारीला. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला आणि गॅसचा बाजार पेटला; तो वणवा अमेरिकेच्या एकाच वर्षात मावतो आणि आपल्याकडे दोन वर्षांत विभागला जातो. शिवाय कारखान्याने स्वतःच्या आवारात स्वतःसाठी केलेली वीज काही देश मोजतात, काही अंदाजाने लिहितात. वीज संचाच्या तोंडाशी मोजायची की केंद्राचे स्वतःचे पंप-पंखे चालवून उरलेली, हाही मतभेद आहेच. गॅसच्या केंद्रात ही घट दोन-तीन टक्के असते, कोळशाच्या केंद्रात त्याच्या दुप्पट-तिप्पट.

साखर कारखान्यांत गेल्या काही वर्षांत एक नवी अडचण आली. बी-हेवी मळीपासून इथेनॉल काढायला सुरुवात झाली आणि साखरेचा उतारा कागदावर घसरला. ऊस वाईट नव्हता, गाळपही नीट होतं; साखरेतला काही हिस्सा इथेनॉलच्या टाकीत गेला होता. नुसती साखर मोजणाऱ्याला तो दिसला नाही. गॅसच्या जगात हेच रशियात घडतं. सोव्हिएत काळापासून तिथली मोठमोठी केंद्रं वीज करता करता शहराला गरम पाणी पुरवतात. टर्बाइनमधून वाफ थोडी आधीच काढून घेतात, त्यामुळे वीज कमी मिळते, पण ती वाफ मॉस्कोतल्या घराघरांतल्या खोल्या उबदार ठेवते. वीज तेवढी मोजली तर रशियाचा उतारा दरिद्री दिसतो. उष्णता जमेस धरली तर दोन्ही मिळून ऐंशी टक्क्यांवरही जाऊ शकतो. डेन्मार्कचं कौतुकही निम्मं याच हिशेबावर आहे. महाराष्ट्रात मे महिन्यात नळाने गरम पाणी घ्यायला कोण तयार होणार? आपल्या ताळेबंदात विकलेल्या उष्णतेचा रकाना रिकामाच असतो आणि तो रिकामा असणं हा काही आपल्या अभियंत्यांचा दोष नव्हे.

कतारमध्ये तर रास लाफान इथल्या पर्ल प्रकल्पात २०११ पासून गॅस घालून डिझेलसारखी द्रव इंधनं काढतात, दिवसाला सुमारे १ लाख ४० हजार पिंपं. तिथे रूपांतरणाचा माल युनिटांत मोजत नाहीत, पिंपांत मोजतात. एका आलेखात तो टोकियोच्या विजेशेजारी बसवायचा तर दोन्हींना जूल नावाच्या तिसऱ्याच मापात घालावं लागतं. हे माप कुणाच्याच रोजच्या वापरातलं नाही. पुस्तकात ते जागोजाग येईल. नाइलाज आहे.

उताऱ्याची एवढी उलगड झाल्यावर खरा विषय सुरू होतो, आणि तो यंत्रांचा नाही. गेल्या तीस वर्षांत वेगवेगळ्या देशांत गॅसपासून मिळणाऱ्या विजेच्या रेघा इतक्या वेड्यावाकड्या गेल्या त्याचं कारण टर्बाइनच्या पात्यांत सापडत नाही. यंत्रं सगळीकडे जवळपास तीच आहेत, त्याच तीन-चार कंपन्यांची. रेघ ठरते ती गॅसच्या भावाने, आणि त्याहून जास्त भाव चढल्यावर बिल कुणाच्या माथी मारायचं याच्या कराराने. हे जगाला शिकवणारं एक ठिकाण महाराष्ट्रातच आहे आणि साताऱ्याचं पाणी वाहत वाहत नेमकं तिथेच जातं.

महाबळेश्वरच्या बाजूला पडलेला पाऊस कोयनेच्या शिवसागरात साठतो. तिथून तो सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला उतरतो, वीज करतो, कोळकेवाडीला अडतो, पुन्हा वीज करतो आणि वाशिष्ठीला मिळून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातो. खाडीच्या उत्तर तीराला दाभोळ. दक्षिण तीराला गुहागर तालुक्यातलं अंजनवेल, आणि जगभर ‘दाभोळ’ या नावाने गाजलेला वीजप्रकल्प आहे तो या अंजनवेलीला. कोयनेची स्थापित क्षमता १९६० मेगावॅट. अंजनवेलच्या गॅस केंद्राची आजची क्षमता १९६७ मेगावॅट. एकाच पाण्याच्या वाटेवर, वरच्या आणि खालच्या टोकाला, जवळजवळ जुळी भावंडं.

क्षमता जुळी, पण कमाई बघा. कोयनेच्या पाण्याला लवादाची मर्यादा आहे; पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीच वळवता येतं. त्यातून वर्षाला तीन अब्ज युनिटांच्या आसपास वीज मिळते, आणि तीही संध्याकाळी मागणी चढली की हुकमी. पाऊस साधारण झाला तर दरवर्षी तेवढीच. अंजनवेलचं केंद्र बारा महिने पूर्ण ताकदीने चाललं तर १७ अब्ज युनिटं देईल. २०१४-१५ या वर्षात त्याने जवळजवळ शून्य दिली.

अंजनवेलचा हा प्रकल्प उभारणाऱ्या अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीची हकिकत एका पिढीला पाठ आहे, पण पुढच्या पिढीला नाव तेवढं माहीत आहे, म्हणून थोडक्यात. जून १९९२ मध्ये सामंजस्य करार, डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाशी खरेदी करार. ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या युती सरकारने तो रद्द केला, काही महिन्यांतच वाटाघाटी होऊन प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परत आला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. दोन वर्षांत, मे २००१ मध्ये तो बंद पडला आणि डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉनचंच दिवाळं निघालं.

करारातलं मर्म असं होतं की मंडळाने वीज घेवो न घेवो, केंद्र तयार आहे म्हणून स्थिर आकार द्यायचाच, आणि तोही डॉलरशी बांधलेला. इंधनाचा खर्च वेगळा. मागणी कमी असताना मंडळाने युनिटं कमी घेतली की तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर पसरायचा आणि दर फुगायचा. एखाद्या महिन्यात तो युनिटमागे सात रुपयांच्या वर गेला. लग्नाचा हॉल पूर्ण भाड्याने घेतला, पन्नास पानं उठली, आणि मग पानामागे भाडं किती पडलं हे काढत बसावं, तशातला प्रकार. माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये या व्यवहाराची चिरफाड केली. पुण्याच्या प्रयास गटाने त्याच्या कितीतरी आधी हेच आकडे मांडून ठेवले होते. तेव्हा ते कुणाला ऐकायचे नव्हते.

या साऱ्यात आपल्या विषयाशी थेट संबंध असलेली एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पहिला टप्पा चालला तो नाफ्थ्यावर. म्हणजे गॅसचा प्रकल्प म्हणून ज्याच्यावर मोर्चे निघाले, विधानसभा गाजली, निवडणुका लढल्या गेल्या, त्याने त्या दोन वर्षांत गॅसपासून एकही युनिट केलं नाही. ताळेबंदात ती सगळी वीज खनिज तेलाच्या रकान्यात आहे. एन्रॉनचे आकडे गॅसच्या आलेखात शोधणाऱ्याला तिथे सपाट रेघच मिळेल.

२००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी झाली आणि केंद्र पुन्हा उभं राहिलं. एप्रिल २००९ मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावर कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ क्षेत्रातून गॅस येऊ लागला. वर्षभरातच तो दिवसाला सहा कोटी घनमीटरच्या घरात गेला. देशभर गॅसची केंद्रं धडाडली. २०१०-११ मध्ये भारतात गॅसपासून सुमारे १०० अब्ज युनिटं वीज झाली, आजवरचा तो उंच डोंगर. मग डी-६ आटलं. उरलेला गॅस वाटताना खत कारखान्यांचा मान पहिला, विजेचा मागचा, आणि २०१३ मध्ये त्या क्षेत्रातून वीजकेंद्रांना मिळणारा गॅस शून्यावर आला. देशाचा आकडा २०१३-१४ मध्ये ४५ अब्जांच्या खाली उतरला. याच काळात नवीन केंद्रं मात्र बांधून पूर्ण होत होती, कारण कर्जं आधीच उचललेली होती. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे २५ हजार मेगावॅटची गॅस केंद्रं होती. ती वर्षभर चालली असती तर २१९ अब्ज युनिटं मिळाली असती. त्यांनी सुमारे २४ अब्ज दिली.

अंजनवेलला त्या २०१३ सालात जे झालं ते कादंबरीत लिहिलं असतं तर खोटं वाटलं असतं. जानेवारीत तिथल्या द्रवरूप गॅसच्या धक्क्याला पहिलं जहाज लागलं. त्याच सुमारास दाभोळहून निघून सह्याद्री ओलांडणारी, बंगळुरूपर्यंतची सुमारे हजार किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली. आणि वर्ष संपता संपता वीजकेंद्र बंद झालं. आयात केलेला गॅस केंद्राच्या कुंपणाजवळ उतरे, वाफ होई आणि केंद्राला वळसा घालून कर्नाटकात जाई, कारण तो परवडेल अशा भावाने वीज घेणारं गिऱ्हाईक महाराष्ट्रात नव्हतं. पावसाळ्यात तोही थांबे, कारण लाटा अडवणारा बांध अपुरा होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये रेल्वेने ५०० मेगावॅट घ्यायचं ठरवल्यावर केंद्राची धुराडी पुन्हा तापली. मुंबईच्या लोकलला त्यातला किती वाटा मिळाला हे डब्यात लोंबकळणाऱ्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

परवडण्याचं गणित एवढं गूढ नाही, वहीच्या मागल्या पानावर करता येईल इतकं सोपं आहे. आयात गॅसचा भाव दशलक्ष बीटीयूला डॉलरमध्ये सांगतात. चांगल्या संयुक्त चक्रात एका युनिटला साधारण सात हजार बीटीयू लागतात. म्हणजे दहा डॉलरचा गॅस असेल तर युनिटमागे सात सेंट, रुपयांत जवळपास सहा, आणि हे नुसत्या इंधनाचे. २०२० च्या उन्हाळ्यात जग घरात बसलं होतं तेव्हा आशियाई बाजारात हाच भाव दोन डॉलरवर आला होता. युनिटला एक रुपया. भारताचा आकडा त्या वर्षी लगेच ५० अब्जांवर चढला. ऑगस्ट २०२२ मध्ये भाव ६० डॉलरच्या पलीकडे गेला. तेहतीस रुपयांचं युनिट घेऊन त्यावर उसाला पाणी कोण देणार?

२०२२ च्या त्या दिवसांत शेजारी काय झालं याची पुस्तकात सविस्तर नोंद आहे. पाकिस्तानने जुलै २०२२ मध्ये गॅसची जहाजं मागवायला निविदा काढली आणि एकही बोली आली नाही. युरोपने जास्त पैसे मोजून माल उचलला होता. बांगलादेशने त्याच महिन्यात खुल्या बाजारातली खरेदी थांबवली आणि भारनियमन सुरू केलं. ढाक्याची वीज वर्षानुवर्षं स्वतःच्या जमिनीतल्या गॅसवर चालत आली होती. तो कमी पडू लागला म्हणून २०१८ पासून जहाजं सुरू झाली होती.

याच भावाच्या काठीने अमेरिका मोजली की चित्र पालटतं. तिथे शेल खडकातला गॅस निघू लागल्यापासून भाव बराच काळ दोन-तीन डॉलरच्या आसपास राहिला. २००० साली अमेरिकेच्या विजेत गॅसचा वाटा १६ टक्के होता, २०२३ मध्ये ४३. २०१६ मध्ये त्याने कोळशाला मागे टाकलं. कुणी कायद्याने कोळसा बंद केला नव्हता. गॅस स्वस्त पडत होता. ब्रिटनची चढण आणखी तीव्र. १९९० मध्ये तिथे गॅसपासून वीज नगण्य होती, दहा वर्षांत ती चाळीस टक्क्यांपर्यंत गेली, कारण वीज कंपन्या खासगी झाल्या, उत्तर समुद्राचा गॅस हाताशी होता, आणि गॅस विजेसाठी जाळू नये हा युरोपीय निर्बंध १९९१ मध्ये उठला. नंतर वाऱ्याने त्या रेघेला खाली ओढलं. जपानची रेघ वेगळ्याच धक्क्याने उसळली. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा झालं, सुमारे चौदा महिन्यांत एकेक करून सगळ्या अणुभट्ट्या थांबल्या, आणि द्रवरूप गॅसची आयात वर्षाला ७० दशलक्ष टनांवरून ८७-८८ वर गेली. जपानने भाव न बघता घेतला. त्याच वेळी आपण भाव बघून केंद्रं बंद ठेवली. दोन्ही देशांत टर्बाइनं तीच होती, हे पुन्हा सांगायला हवं.

तेव्हा भारताची घसरती रेघ पाहून ‘आपण मागे पडलो’ असं म्हणायची घाई वाचकाने करू नये. आपल्याकडे कोळसा होता, नंतर सूर्य स्वस्त झाला, आणि युरिया आधी की वीज आधी या प्रश्नाचं उत्तर सरकारने युरियाच्या बाजूने दिलं. त्या उत्तराशी कुणाचं पटेल, कुणाचं नाही. वाया गेलं ते कर्ज आणि लोखंड. हजारो मेगावॅटची यंत्रं दहातला एक दिवस चालल्यासारखी चालतात, बाकी दिवस त्यांना तेलपाणी करत बसायचं, यात मिरवण्यासारखं काही नाही. अर्थात एप्रिल-मे महिन्यांत रात्री साडेदहाला, सूर्य गेलेला आणि घराघरांतले एसी चालू असताना, केंद्र सरकार हीच यंत्रं चालवण्याचा आदेश काढतं, तेव्हा ती आहेत हे बरंच वाटतं.

पुढची प्रकरणं कालक्रमाने लावलेली नाहीत आणि देशांच्या अकारविल्हेही नाहीत. जिथे रेघ वळते तिथे प्रकरण थांबतं आणि त्या वळणावरचा करार, भाव किंवा अपघात उलगडून दाखवतं. प्रत्येक आलेखाखाली काटा कोणता ते लिहिलं आहे: स्थूल की निव्वळ, एप्रिलचं वर्ष की जानेवारीचं, उष्णता धरली की सोडली. ही बारीक अक्षरं आधी वाचावीत.

सुरुवात जपानपासून आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये ‘पोलर अलास्का’ नावाचं जहाज, उणे १६२ अंशांना थिजवलेला गॅस पोटात घेऊन, अलास्काहून निघून योकोहामाच्या नेगिशी धक्क्याला लागलं. माल दोघांनी मिळून मागवला होता: टोकियो गॅस आणि टोकियो इलेक्ट्रिक. एकीने आपला हिस्सा शहरातल्या शेगड्यांना दिला. दुसरीने तो शेजारच्या मिनामी-योकोहामा केंद्रात जाळला. निव्वळ द्रवरूप गॅसवर चालणारं ते जगातलं पहिलं वीजकेंद्र, १९७० सालचं. एका जहाजाचा माल धक्क्यावरच दोन रकान्यांत विभागला गेला. पहिलं प्रकरण त्यातल्या दुसऱ्या रकान्याचा पाठलाग करत जातं.